मे महिन्यात इटलीला कोण जाणार?

मे महिना लागला की लातूर आणि नांदेडचे प्राध्यापक दिसेनासे व्हायचे. ते गावी जात किंवा थंड हवेला जात, असं मुळीच नाही. इथंच असायचे, पण क्लासमध्ये. बारावीच्या सुट्टीच्या बॅचा याच दिवसांत चालायच्या. पहाटेपासून पोरं सायकली घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून धावायची, आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र शिकवणाऱ्याला जेवायला फुरसत नसायची. इंग्रजीवाल्यांनाही मागणी होती. पुढं पुढं तर इतिहासवालेसुद्धा इंग्रजीचं व्याकरण शिकवायला लागले.

माझी नोकरी याच्या अगदी उलटी होती. मे महिन्यात एका प्राध्यापकाला युरोपला पाठवायचं, हे माझं काम.

मी नांदेडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत असे, आणि आमच्या संस्थेच्या युरोप अभ्यास केंद्राची जबाबदारीही माझ्याकडे होती. केंद्र म्हणजे दोन खोल्या, थोडी पुस्तकं, मी, आणि आठवड्यातून तीन दिवस जर्मन शिकवायला येणारे एक गृहस्थ. अर्धापूरहून शेतातली केळी आणून सगळ्यांना वाटायचे, म्हणून ते मुलांमध्ये प्रिय. जर्मन कुणाला फारसं आलं नाही. एका परदेशी न्यासाकडून केंद्राला दरवर्षी उन्हाळ्यासाठी निधी मिळायचा. विद्यापीठातल्या किंवा कॉलेजातल्या, युरोपचा इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भाषा असं काहीही शिकवणाऱ्या एका शिक्षकाने सुट्टीत तिकडं जावं, सहा आठवडे राहून अभ्यास करावा, परत येऊन अहवाल द्यावा. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च न्यासाचा.

ऐकणाऱ्याला वाटेल, अशा कामात काय अडचण? लोकांची रांग लागत असेल. मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं.

अडचण उन्हाळ्याचीच होती. आपल्या परीक्षा एप्रिलमध्ये संपणार, पेपर तपासायचे, जूनमध्ये कॉलेज सुरू. मधल्या फटीत माणूस तिकडं जायला हवा, आणि त्याच दिवसांत तिकडची विद्यापीठंही उघडी असायला हवीत. त्यांच्याकडं कुणीतरी यजमान म्हणून जबाबदारी घ्यायला हवी. व्हिसासाठी मुंबईच्या खेपा. आणि एवढं सगळं जुळलं तरी त्या फटीतच क्लासची बॅच बसलेली. एका अर्थशास्त्राच्या सरांचं तिकीट हातात आलं होतं. जायच्या आठवड्यात ते पेढे घेऊन आले. मला वाटलं, निघाले. ते म्हणाले, "मॅडम, क्लासवाल्यांनी मला भागीदार केलंय. युरोप काय, पुढच्या वर्षी पण तिथंच असणार ना?" दुसरे एक राज्यशास्त्राचे. त्यांनी मुलाखतीत अगदी गंभीरपणे विचारलं, की हा अभ्यास अंबाजोगाईला, घरी राहून केला तर चालेल का? वाचायचं तर पुस्तकच आहे.

असे दोन उन्हाळे वाया गेले. मग न्यासाचं पत्र आलं. या उन्हाळ्यात कुणी गेलं नाही, किंवा गेलेल्याने मुक्काम पुरा केला नाही, तर निधी दुसऱ्या संस्थेला देण्यात येईल. निधी गेला की केंद्रही बंद होणार, हे संस्थेनं तोंडी सांगूनच टाकलं होतं. त्या खोल्यांवर बऱ्याच जणांचा डोळा होता. मला जेवण गोड लागेना. कॉरिडॉरमध्ये कुणी इतिहासाचा माणूस दिसला की मी त्याच्यामागं चालायला लागायची, आणि तो माझ्यापासून पुढं पळायचा.

अशा वेळी मंगल आली.

मंगल बिराजदार लातूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. तिशीची असेल. पूर्वी माझीच विद्यार्थिनी. माहेर औसा तालुक्यातलं, त्र्याण्णवच्या भूकंपात पूर्ण बसलेल्या गावांपैकी एक. तिची आई त्या पहाटे घरातच गेली. वडील, अप्पा, शेतात राखणीला होते म्हणून वाचले. भूकंपाला आता दुसरा उन्हाळा लागला होता, आणि गाव अजून पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं. तिचा नवरा अनिल रसायनशास्त्राचा. त्याचा लातुरात स्वतःचा क्लास होता, नुकताच जोर धरत होता, आणि सुट्टीच्या बॅचला इंग्रजी मंगलच शिकवायची.

ती समोर बसली आणि काही प्रस्तावना न करता म्हणाली, "मॅडम, मला इटलीला जायचंय."

तिनं सांगितलं ते असं. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, डोंगराखाली, पूर्वी मोठा भूकंप झाला होता. गावंच्या गावं पडली. तिथल्या लोकांनी गाव दुसरीकडं न हलवता होतं तिथंच, होतं तसंच परत बांधलं. चर्चचे दगडसुद्धा नंबर घालून पुन्हा रचले. "आमच्याकडं आता हाच प्रश्न चाललाय. सरकार म्हणतंय, नव्या जागेवर चला. निम्मं गाव तयार आहे, निम्मं नाही. अप्पा तर ऐकायलाच तयार नाहीत. म्हणतात, तुझी आई इथं गेली, मी इथून हलणार न्हाई. त्या लोकांनी कसं केलं ते मला बघायचंय. पुस्तकात फक्त इमारतींचे फोटो आहेत, मॅडम."

निवड समितीत एक ज्येष्ठ सर होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "भूकंप हा भूगोलाचा विषय झाला. यात युरोप अभ्यास कुठं आहे?"

मंगल घाबरली होती, पण तिनं उत्तर दिलं. "सर, जमीन हलली ते भूगोल. नंतर गावानं काय ठरवलं, कोण कुणाचं ऐकलं, ते इतिहासात येतं असं मला वाटतं."

सरांना ते पटलं की दुसरा उमेदवारच नव्हता म्हणून ते गप्प बसले, मला सांगता येणार नाही. निवड झाली. तिथल्या विद्यापीठातल्या लुचिया नावाच्या एका बाईंनी यजमानपण घेतलं. त्यांचं स्वतःचं गावही त्या भूकंपातलंच होतं.

मग एके दिवशी अनिल नांदेडला माझ्या घरी आला. मला वाटलं, झालं, हा आता नाही म्हणायला आलाय. बॅच तोंडावर होती. मी चहा पुढं ठेवला.

"बॅचचं मी बघून घेईन," तो म्हणाला. "इंग्रजीला चाकूरचे एक सर मिळाले. पण मॅडम, एक विचारू का? ही तिकडं असताना इथं काही झालं तर? अजून जमीन गप्प बसलेली नाही. आणि अप्पा काही माझं ऐकत नाहीत. तिचं तरी थोडंफार ऐकतात."

"काही झालं तर मी येईन," मी म्हणाले. शब्द तोंडातून गेला आणि मग मला कळलं की आपण काय बोलून बसलोय.

मंगल गेली. दर रविवारी संध्याकाळी तिचा माझ्या घरी फोन यायचा. तिकडून यंत्रात नाणी टाकून बोलायचं असल्यामुळं घाईत बोलायची. पहिल्या रविवारी नुसती रडली. ग्रंथालय कुठल्याशा सणामुळं बंद होतं, लुचियाबाई तापानं आजारी होत्या, आणि थंडी. मी फोन ठेवला आणि मनात म्हटलं, ही आता परत येते. दुसऱ्या रविवारी आवाज बदललेला. बाई बऱ्या झाल्या होत्या आणि तिला घरोघर घेऊन जात होत्या. म्हाताऱ्या बायका हिला बसवून ठेवत, फोटो दाखवत, बाई इंग्रजीतून सांगत. "मॅडम, मी सांगितलं ना की माझी आई ढिगाऱ्यात गेली, की त्या पुढं काही विचारतच नाहीत. आधी जेवायला वाढतात."

पुढं तिच्या आवाजात काहीतरी जड यायला लागलं. मी विचारलं तर म्हणाली, "मी समजत होते तसं सगळं नाहीये इथलं. आल्यावर सांगते."

आणि तेवढ्यात लातूरला हादरा बसला.

मोठा नव्हता. नांदेडला आम्हाला नुसती भांडी वाजल्यासारखी वाटली. पण मी फोनला चिकटले. लातूरची लाइन लागेना. दुपारी उशिरा अनिलचाच फोन आला. मुलं क्लासमधून ओरडत रस्त्यावर आली होती, एकाचा जिन्यात पाय मुरगळला, बाकी ठीक. मंगलच्या गावातही कुणाला काही झालं नव्हतं. "पण मॅडम, गाव हबकलंय. जागेचा निर्णय घ्यायची बैठक पावसाळ्यानंतर होती, ती आता याच महिन्यात घेतायत. अप्पांनी भांडण काढलंय. म्हणतात, माझी लेक आल्याबिगर बैठक होऊ देणार न्हाई. तुम्ही येईन म्हणाला होतात…"

मी सकाळच्या एसटीनं निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. अनिलनं त्या दिवशी क्लास बंद ठेवला होता. बॅच ऐन रंगात असताना क्लास बंद ठेवणं म्हणजे काय, हे लातूरच्या माणसालाच कळेल. त्याच्या स्कूटरवर बसून आम्ही गावी पोचलो.

शेडच्या ओळीपुढं लिंबाखाली माणसं जमली होती. अप्पा मधोमध बसलेले. उंच, वाळलेले, कपाळावर भस्माचे पट्टे. मला बघून त्यांनी हात जोडले. "या म्याडम. माझी पोरगी तुमीच धाडलीसा न्हवं? कवा येणार हाय ती?"

"अजून वेळ आहे, अप्पा. मुक्काम पुरा व्हायचाय."

"मग ह्यांना सांगा थांबाया. ती बघून आली की सांगंल सगळं. तिकडच्या लोकांनी गाव सोडलं न्हाई. मग आपुन का सोडायचं?"

त्यांचा पुतण्या महादेव समोर उभा होता. तो गाव हलवायच्या बाजूचा. रागात असेल असं मला वाटलं होतं, पण तो फार हळू बोलला. "काका, त्या जाग्यावर माझी दोन लेकरं काढली ढिगाऱ्यातून. मी हातानं काढली. आन् तुमी म्हनता तिथंच भिंत उभी कर. कशी करू, तुमी सांगा."

अप्पांनी मान खाली घातली, पण हट्ट सोडला नाही. बैठकीची तारीख मात्र ठरलीच, आणि ती मंगलच्या परतीच्या आधीची होती.

नांदेडला परत येताना मला एकच विचार. रविवारी तिला काय सांगायचं? सांगितलं तर ती निघून येणार. मुक्काम अपुरा राहणार, निधी जाणार, केंद्र बंद. न सांगितलं तर तिच्या गावाचा निर्णय ती तिकडं ग्रंथालयात बसलेली असताना होऊन जाणार, आणि ज्यासाठी ती गेली तेच हुकणार. मी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसले होते, आणि नायगावच्या एक बाई शेजारून सारख्या विचारत होत्या, बाई, तुम्हाला मळमळतंय का?

रविवारी फोन आला. मी सगळं सांगितलं. हादरा, बैठक, अप्पा, महादेव. केंद्राचं काय होईल तेही सांगितलं, कारण ते तिच्यापासून लपवणं मला बरोबर वाटेना. 

"मॅडम, मी काय करू?"

"ते तू ठरव. आलीस तर न्यासाला उत्तर मी देईन."

"केंद्र बंद झालं तर?"

"तर मी वर्गावर जाऊन फ्रेंच राज्यक्रांती शिकवीन. आधी तेच करत होते ना."

हे मी बोलले तेवढ्या सहज मला वाटत नव्हतं. ते केंद्र मी उभं केलं होतं. पण तिला तसं ऐकू जायला हवं होतं.

तिकीट बदलणं त्या काळी सोपं नव्हतं. लुचियाबाईंनी कुणाकुणाला फोन केले. मधले तीन-चार दिवस मंगल कुठं आहे, विमानात, रोममध्ये की मुंबईत, काहीच कळत नव्हतं. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी लातूरला अनिलकडं मुक्कामाला गेले. तो सारखा दारात जाऊन उभा राहत होता. सकाळपर्यंत तिची खबर नाही. आम्ही दोघंच गावाकडं निघालो. 

बैठक सुरू झाली. पुनर्वसनाच्या अधिकारी साहेबांनी नव्या जागेचा नकाशा शेडच्या भिंतीला लावला. सरळ रस्ते, रांगेत घरं, घर कुणाला कुठलं हे चिठ्ठ्या टाकून ठरणार. हात वर करायची वेळ जवळ येत होती, आणि अप्पा सारखे सडकेकडं बघत होते. तेवढ्यात औशाकडून आलेली एक जीप थांबली आणि मंगल उतरली. मुंबईहून एसटीनं सरळ औसा, तिथून माणसं भरून चालणाऱ्या वडापच्या जीपनं गाव. साडी चुरगळलेली, डोळे सुजलेले. तिनं आधी अप्पांच्या पाया पडून मग साहेबांना बोलायची परवानगी मागितली.

अप्पांचा चेहरा उजळला होता. आता लेक सांगेल आणि सगळे गप्प होतील, अशा तोऱ्यात त्यांनी गावाकडं पाहिलं.

मंगल म्हणाली, "त्यांनी गाव तिथंच बांधलं, हे खरं हाय. मी बघून आले. लई सुंदर बांधलंय. पण त्याला दहा वर्षं लागली. तोवर माणसं शेडमध्येच होती, आपल्यासारखी. कैक म्हातारी माणसं शेडमध्येच वारली. घर उभं राहिलं तवा राहायला पोरं नव्हती, पोरं शहरात निघून गेली होती. एक आजी मला म्हणाली, घर परत मिळालं पोरी, पण शेजारी न्हाई मिळाले."

"तिथंच राहा किंवा हला, हे मी सांगणार न्हाई," ती पुढं म्हणाली. "मला ते सांगायचा हक बी न्हाई, मी लातुरात राहते. एकच म्हणते. हलायचं असेल तर चिठ्ठ्या टाकून हलू नका. ज्या गल्लीत जे शेजारी होते ते नव्या जागेवर बी शेजारीच राहू द्या. तिकडं बी ज्या गल्लीचे शेजारी शेडमध्ये एकत्र ठेवले, तिथली माणसं सावरली."

अप्पा उठले. काठी उचलली आणि शेडकडं निघून गेले. मंगल त्यांच्याकडं बघत राहिली, पण मागं गेली नाही.

साहेब म्हणाले, नियम चिठ्ठ्यांचा आहे. तेव्हा महादेव पुढं आला. "साहेब, नियम तुमचा, पर राहायचं आमाला हाय. आमची गल्ली एकत्र मागती. आमच्या काकांचं घर माझ्या घराशेजारी पाह्यजे, ते कितीबी भांडले तरी." त्याच्यामागून एकेक गल्ली बोलायला लागली. बरीच वादावादी झाली. शेवटी जी गल्ली मिळून मागेल तिला एकत्र घरं, बाकीच्यांना चिठ्ठ्या, असं ठरलं. गाव हलायचं ठरलं.

न्यासाला मी सविस्तर लिहिलं. सभ्य उत्तर आलं. झालेल्या कामाबद्दल आदर आहे, परंतु मुक्काम अपुरा राहिला आहे. निधी दुसरीकडं गेला. वर्षभरात आमच्या दोन खोल्यांत स्पर्धा परीक्षांचं मार्गदर्शन सुरू झालं, आणि तिथं खरोखरच रांग लागली. मी वर्गावर परत गेले. मंगलला त्या विषयावर पुस्तक लिहायचं होतं, ते राहून गेलं. अनिलच्या क्लासची तीन मजली इमारत झाली, आणि ती तिथं अजून इंग्रजी शिकवते. मला याचं वाईट वाटतं. इतक्या तयारीची बाई कर्मणी प्रयोग समजावत बसली. एकदा मी तसं बोलून दाखवलं तर हसली आणि म्हणाली, "मॅडम, त्यातली दहा पोरं माझ्या गावची असतात."

युरोप अभ्यासातून काय निघालं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडं दाखवायला ग्रंथ नाही. औसा तालुक्यातल्या एका गावात काही घरांची रचना नकाशाप्रमाणे नाही, एवढंच आहे.

अप्पा मंगलशी बोलत नव्हते. घरं बांधून होईपर्यंत, म्हणजे बरेच दिवस, त्यांनी तिच्याशी शब्द टाकला नाही. ती यायची, स्वयंपाक करून जायची. ते जेवायचे, पण गप्प.

नव्या घरात जायच्या दिवशी तिनं मलाही बोलावलं होतं. बायकांनी दारात पाणी शिंपडलं, आत चूल पेटवली. अप्पा उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले आणि तिथंच थांबले. वरच्या सिमेंटच्या छताकडं बघत होते. महादेव शेजारच्या दारातून म्हणाला, "काका, चला की आत." ते हलेनात. मला वाटलं, झालं, हे परत शेडकडं निघाले.

मग त्यांनी मंगलकडं न बघताच विचारलं, "तिकडची माणसं… नव्या घरात गेली तवा, त्यांना बी भ्या वाटलं का?"

मंगलनं हातातली कळशी खाली ठेवली.

"लई, अप्पा. एक म्हातारा तर वर्षभर अंगणातच झोपला म्हणे."

 अप्पांनी आत न जाता महादेवला हाक मारली, "ए माद्या, माझी बाज आण हिकडं. अंगणात टाक." आणि बाजेवर टेकल्यावर मंगलला म्हणाले, "बस इथं. त्या म्हाताऱ्याचं काय झालं पुढं, ते सांग."